लिनक्सचा वाण आणि डिस्कवरची जागा



वसंत व्याख्यानांचा शिरस्ता न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली घातला. तेव्हापासून गावोगावच्या अशा मंचांवरून इतिहास, अर्थशास्त्र, संतवाङ्मय असे भारदस्त विषय मांडले जात आले आहेत. आम्ही मात्र आज नवशिक्याने संगणकात कोणते लिनक्स घालावे आणि त्याला किती जागा द्यावी, असा सुताराच्या मोजपट्टीसारखा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. संयोजकांनी आम्हांला कामगार चळवळीवर बोला असे सांगितले होते. तो विषय आम्ही टाळलेला नाही. त्याच घरात शिरणार आहोत, फक्त मागच्या दाराने.

हा विषय सुचण्याचे कारण सर्वांना ठाऊक असेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पुरवठा मायक्रोसॉफ्टने थांबवला. पुरवठा म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या. ज्यांनी रीतसर नोंदणी केली त्यांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मुदत दिली गेली. ती मुदत, कायमची सोय नव्हे. विंडोज ११ घ्यावी तर तिच्या अटी आहेत : टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा चिमुकला भाग यंत्रात हवा, चार जीबी मेमरी हवी, चौसष्ट जीबी जागा हवी, आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. साधारण २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे या यादीबाहेर पडतात.

आता जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हिंडून पाहा. मंचरच्या आडतीवर, नारायणगावच्या टोमॅटोच्या गाळ्यावर, ओतूरच्या पतसंस्थेत, घोडेगावापलीकडच्या आश्रमशाळेत जे संगणक टेबलावर आहेत ते कोणत्या सालचे आहेत? आमच्या युनियनच्या कचेरीत दोन आहेत. एक २०१३ सालचा, चार जीबी मेमरीचा आणि पाचशे जीबी डिस्कचा. दुसरा त्याहून थोडा तरुण. दुरुस्तीवाल्याला विचारले तर तो म्हणाला, भंगारात द्या. यंत्र चालू आहे, पडदा उजळतो, कळा दबतात, आणि तरी ते भंगार! पंचावन्न वर्षांच्या कामगाराला गेटवर जे ऐकावे लागते तेच हे. वर्गणीचा पैसा हा घामाचा पैसा असतो. चालत्या यंत्राला टाकून नवे घेण्यासाठी तो खर्च करण्यापूर्वी चार ठिकाणी विचारावे, असे कार्यकारिणीचे मत पडले. म्हणून आम्ही लिनक्सकडे वळलो. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सगळे रात्री, आणि बरेचसे चुकतमाकत. तेव्हा जे सांगतो ते पंडिताचे नव्हे, वापरणाऱ्याचे आहे असे समजावे.

आमच्याकडे येणारी तरुण मंडळी दोन प्रश्न विचारतात. पहिला : कोणते लिनक्स? दुसरा : जागा किती? पहिल्यावर ते तासभर वाद घालतात, दुसऱ्यावर मिनिटभरही थांबत नाहीत. आमचे म्हणणे असे की, हे प्रमाण उलटे असायला हवे. वाण चुकला तर पुन्हा पेरता येते. पण घराचे खण चुकीचे पाडले, तर पुढच्या पेरणीच्या वेळी घरातले धान्यही धोक्यात येते.

आधी लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले की, कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी एक संपूर्ण प्रणाली आपण तयार करू. तिला त्यांनी ग्नू हे नाव दिले. हत्यारे पुष्कळ तयार झाली, पण मधला गाभा राहिला होता. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या हौसेखातर तसा गाभा लिहिला आणि १९९२ पासून तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. त्या परवान्याची मख्खी अशी की, तुम्ही त्यात भर घालून ती दुसऱ्याला दिलीत तर भर घातलेला मजकूरही त्याच अटींवर द्यावा लागतो. सामाईक विहिरीचा गाळ ज्याने काढला त्याने तिला स्वतःचे कुलूप घालू नये, एवढाच त्याचा अर्थ. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा आहे, आणि २०१७ च्या नोव्हेंबरापासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवरच चालत आला आहे.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. नारायणगावहून खोडदला गेलो की पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या जाळीदार ताटल्या दिसू लागतात. जीएमआरटीच्या अशा तीस ताटल्या आहेत. चौदा मध्यभागी दाटीने आणि सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत तीसही ताटल्यांचे संकेत एकत्र गुंफण्याचे काम २०१० च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या समूहाने सुरू केले, आणि तो समूह लिनक्सवर चालणारा होता. विज्ञानदिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, आपल्या शाळांची पोरे तिथे रांगेने जातात, ताटल्या पाहतात, आणि घरी येऊन म्हणतात लिनक्स फार अवघड असते. तुमच्या शिवारातून आकाशगंगा ऐकायला जी प्रणाली पुरते ती हजेरीपत्रक लिहायला पुरणार नाही काय?

आता वाणाचा प्रश्न. लिनक्स हा नुसता गाभा. त्याभोवती हत्यारे, खिडक्या, छापखाना, ब्राउझर, बसवण्याची सोय असे सगळे गोळा करून जो तयार संच दिला जातो त्याला वितरण म्हणतात. आम्ही आपला शेतकऱ्यांचा शब्द वापरतो : वाण. कांदा एकच, पण पावसाळी वेगळा, रब्बी वेगळा, आणि कोणाचा टिकतो कोणाचा नाही हे चाळीत घातल्यावर कळते. तसे लिनक्सचे वाण शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्या पुरस्कर्त्यांत जितकी भांडणे आहेत तितकी, खरे सांगायचे तर, आमच्या लाल बावट्यातही नाहीत. नवशिक्याने त्या भांडणात पडू नये. त्याने तीनच गोष्टी विचाराव्यात. हा वाण किती वर्षे सांभाळला जाणार आहे? माझ्या यंत्राला तो झेपेल काय? आणि अडचण आली तर हाक मारण्याच्या अंतरावर तो वापरणारा कोणी आहे काय?

पहिल्या कसोटीचे उदाहरण देतो. उबुंटूच्या नावापुढे २४.०४ असा आकडा दिसतो, त्याचा अर्थ २०२४ सालचा चौथा महिना. दर सहा महिन्यांनी नवी उबुंटू निघते, पण दर दोन वर्षांनी एप्रिलात निघणारी एक दीर्घ मुदतीची असते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, २४.०४ ला त्या २०२९ पर्यंत आहेत. मधल्या सहामाही आवृत्तीला अवघे नऊ महिने मिळतात. नवशिक्या 'ताजी ती चांगली' म्हणून मधली उचलतो आणि वर्षाच्या आत पुन्हा दारात उभा राहतो. फेडोरा हा वाण उत्तम, नवीन सुधारणा तिथे आधी येतात. पण त्याची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळली जाते. ज्या कचेरीत संगणकाची साफसफाई दिवाळीलाच होते, तिथे हा वाण लावू नये.

दुसऱ्या कसोटीला आकडे लागतात. उबुंटू २४.०४ साठी चार जीबी मेमरी आणि किमान पंचवीस जीबी जागा मागितली जाते. लिनक्स मिंट २२ किमान दोन जीबी मेमरी आणि वीस जीबी जागा मागते. आरामात राहायचे तर चार जीबी मेमरी आणि शंभर जीबी जागा असावी, असे तिचे कर्तेच सांगतात. मिंट ही उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरच उभी असते आणि तिची २२ वी मालिकाही २०२९ पर्यंत सांभाळली जायची आहे. तिचा चेहरा तीन तऱ्हांचा मिळतो : सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. चार जीबी मेमरीच्या यंत्राला शेवटचा, अंगाने हलका, घ्यावा. आमच्या २०१३ च्या यंत्रात तोच आहे. विंडोज वापरलेल्या माणसाला खाली डाव्या कोपऱ्यात मेनू दिसला की निम्मी भीती जाते. ती सोय मिंटमध्ये आहे. ज्यांचे यंत्र ३२ बिटांचे, फार जुने आहे, त्यांना मात्र वाट अरुंद आहे. उबुंटू आणि मिंटने ती यंत्रे कधीच सोडली, आणि डेबियननेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी नव्याने बसवणीची सोय ठेवलेली नाही.

तिसरी कसोटी आमच्या लेखी सर्वांत मोठी. भारत सरकारच्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर बॉस नावाचा वाण तयार केला आहे, भारतीय भाषांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. स्वदेशी म्हणून तोच घ्यावा असे मन म्हणते, आणि ज्यांच्या शेजारी तो वापरणारा आहे त्यांनी जरूर घ्यावा. पण आमच्या भागात मिंट आणि उबुंटू जाणणारी चार कॉलेजची पोरे आळेफाट्यापर्यंत सापडतात. भीमाशंकरच्या रस्त्याला डिंभ्याच्या पुढे गेल्यावर फोनला रेंज मिळेना, मग पडद्यावर अडलेल्या माणसाला इंटरनेटवरचे ज्ञान काय कामाचे? त्याला पलीकडच्या वाडीतला माणूस हवा. युनियनचेही असेच असते. घटना कोणाची चांगली यापेक्षा संकटाच्या रात्री कोणाचा कार्यकर्ता दारात येतो, हे पाहून कामगार पावती फाडतो.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. जागा.

प्रथम एक गैरसमज. पाचशे जीबीची डिस्क म्हणून विकत घ्यावी आणि विंडोजमध्ये पाहावे तर चारशे पासष्ट. दोनशे छप्पन्नच्या जागी दोनशे अडतीस. पुष्कळांना वाटते दुकानदाराने मारले. त्याने काही मारलेले नाही. कारखाना हजाराच्या हिशेबाने जीबी मोजतो, विंडोज एक हजार चोवीसच्या हिशेबाने मोजते. कच्चा शेर आणि पक्का शेर, दुसरे काही नाही. मात्र मांडणी करताना सगळे एकाच शेराने मोजावे. दुसरी गोष्ट : लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ या मांडणीत प्रत्येक खणातली पाच टक्के जागा व्यवस्थेच्या मालकासाठी राखून ठेवलेली असते. चारशे साठ जीबीच्या खणात ती तेवीस जीबी होते. ती गेली कुठे म्हणून शोधत बसू नये.

खण हा शब्द आम्ही पार्टिशनसाठी वापरतो. आपल्याकडे घर विचारताना किती खणांचे, असे विचारतात, आणि डिस्कचेही तसेच आहे. मुख्य खण दोन. एकात प्रणाली राहते, तिला रूट म्हणतात : स्वयंपाकघर समजा, इथे रोज धूर, रोज सांडलवंड. दुसऱ्यात तुमचे स्वतःचे कागद, फोटो, पत्रे राहतात, त्याला होम म्हणतात : हे बळद. स्वप्न पडल्यासारखे कधीतरी स्वयंपाकघर पाडून नवे बांधावेसे वाटेल, किंवा बांधावे लागेल. त्या वेळी बळदाला धक्का लागू नये, म्हणून मधली भिंत.

ही भिंत किती मोलाची, ते एका प्रसंगाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीतले एक यंत्र सुरूच होईना. तालुक्याच्या गावी एका दुकानात ते दिले. तेव्हा त्यात विंडोज होती. दुकानदाराने आम्हांला न विचारता पहिला भाग, ज्याला सी म्हणतात, तो पुसला आणि नवी विंडोज घालून यंत्र हाती ठेवले. घेतले पैसे आणि म्हणाला, आता कसे पळते बघा. पळत होतेच. पण आदल्या सहा वर्षांच्या हजेरीच्या कार्डांची आणि पगाराच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे डेस्कटॉपवर होती, आणि डेस्कटॉप हा सी मध्येच असतो. ती गेली. त्याच यंत्राच्या डी या भागात एका कार्यकर्तीने एका खात्याच्या साठ-सत्तर माणसांचे कागद वेगळे ठेवले होते, ते जसेच्या तसे राहिले.

पुढे काय झाले पाहा. ग्रॅच्युइटीचे दावे लागले. १९७२ च्या त्या कायद्यात पाच वर्षांची अखंड नोकरी दाखवावी लागे, आणि वर्ष धरायचे तर २४० दिवस भरावे लागत. मालकाच्या दप्तरात कंत्राटाची नावे दरसाल बदललेली. ज्यांची छायाचित्रे डी मध्ये होती त्यांनी ती पुढे ठेवली आणि मालकाच्या वकिलाला बोलता आले नाही. ज्यांची सी मध्ये होती त्यांना घरोघर जाऊन, कणगीमागे, फोटोच्या चौकटीमागे, कपाटाच्या तळाशी, चुरगळलेल्या चिठ्ठ्या शोधाव्या लागल्या. काहींच्या सापडल्या. काहींच्या पावसात गळक्या छपराखाली केव्हाच लगदा झाल्या होत्या. काम तेच, कारखाना तोच, घाम तोच. डिस्कवरच्या एका रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे असल्याने दोन माणसांच्या म्हातारपणाचा हिशेब वेगळा झाला. त्या दिवसापासून आम्ही जागेचा प्रश्न तांत्रिक मानत नाही.

आता किती ते सांगतो. प्रणालीच्या खणाला वीस-पंचवीस जीबी पुरतात असे कागदावर लिहिलेले असते. ते बसवण्यापुरते. पुढे दुरुस्त्या येतात, जुने गाभे मागे राहतात, फ्लॅटपॅक किंवा स्नॅपच्या रूपाने एखादे नवे साधन घेतले की ते आपले बिऱ्हाड बरोबर आणते. आणि मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती व्यवस्थेच्या जुन्या प्रती ठेवते. तिला आवर घातला नाही तर तीच खण भरून टाकते. प्रणालीचा खण काठोकाठ भरला तर यंत्र दारातूनच परत पाठवते, नाव आणि परवलीचा शब्द बरोबर असूनही आत घेत नाही. म्हणून आम्ही पन्नास जीबी देतो आणि टाइमशिफ्टच्या दोन-तीनच प्रती ठेवायला सांगतो. इथे एक बजावतो : टाइमशिफ्ट सहसा व्यवस्थेच्या प्रती ठेवते, तुमच्या कागदांच्या नव्हे. नावावर भुलू नये.

स्वॅप म्हणून एक छोटा खण असतो, मेमरी कमी पडली की तिचा भार उतरवायला. चार जीबी मेमरीच्या यंत्राला चार जीबी द्यावा. आजकाल उबुंटू आणि मिंट त्यासाठी वेगळा खण न मागता एक फाइल तयार करून भागवतात; तेही चालते. नव्या पद्धतीच्या यंत्रांना सुरुवातीची किल्ली ठेवण्यासाठी ईएफआय नावाचा अर्ध्या जीबीचा खण लागतो.

म्हणजे दोनशे छप्पन्नची, पक्क्या शेराने दोनशे अडतीसची, एसएसडी डिस्क असेल आणि फक्त लिनक्सच ठेवायचे असेल, तर पन्नास प्रणालीला, चार स्वॅपला, अर्धा ईएफआयला, आणि उरलेले सुमारे एकशे त्र्याऐंशी कागदांना. पाचशेच्या डिस्कवर विंडोजही शेजारी ठेवायची असेल, तर तिला एकशे वीस, लिनक्सच्या प्रणालीला पन्नास, चार स्वॅपला, आणि कागदांना दोनशे नव्वदच्या आसपास. जाता जाता : जुन्या यंत्रात फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवली तर वेगात जो फरक पडतो तो कोणताही वाण बदलून पडत नाही. खर्च करायचाच तर तिथे करावा.

कागदांना एवढे पुरेल काय, हे अंदाजाने ठरवू नये, मोजावे. फोनने काढलेले एका कागदाचे छायाचित्र तीन एमबीचे धरा. हजार सभासद, प्रत्येकाचे वीस कागद, म्हणजे साठ हजार एमबी, अर्थात साठ जीबी. एकशे त्र्याऐंशीत ते आरामात बसतात. मग खण भरतो कशाने? भाषणांनी! फोनवरच्या चांगल्या प्रतीच्या चित्रणाला मिनिटाला शंभर एमबीच्या वर जागा लागते. तासाभराच्या गेटमीटिंगला सहा-सात जीबी. दहा पुढाऱ्यांची दहा भाषणे हजार माणसांच्या हजेरीएवढी जागा खातात. आम्ही आमची स्वतःची भाषणे पुसायला सुरुवात केली आहे. कोणाची हरकत आलेली नाही.

जाणकारांपैकी काही म्हणतात, वेगळा होम कशाला? एक खण भरून वाहतो आणि दुसरा रिकामा राहतो, आणि मग भिंत हलवता येत नाही. आक्षेप खोटा नाही. भिंत हलवता येते, पण ते जोखमीचे काम आहे. यावर आपल्याच डोंगरातले एक उदाहरण आठवते. जुन्नरच्या लेण्यांत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातला, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दान दिल्याचा लेख आहे : सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके. तिथल्याच लेखांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींचाही उल्लेख येतो. श्रेणी म्हणजे त्या धंद्यातल्यांची संघटना. आम्ही युनियनवाले त्यांना आमचे पूर्वज मानतो, इतिहासकार काय म्हणतील ते म्हणोत. मुद्दा हा की, त्या मंडळींनी छिन्नी उचलण्यापूर्वी किती खोल्या आणि टाके कुठे, हे ठरवले असणारच, कारण कातळात काढलेली भिंत पुन्हा लावता येत नाही. डिस्क कातळाइतकी निष्ठुर नाही. पण नवशिक्याने ती कातळच आहे असे धरून चालावे.

बसवताना ही भिंत आपोआप पडत नाही, हेही सांगायला हवे. बसवणीच्या वेळी प्रणाली विचारते, सगळी डिस्क पुसून बसवू काय? हो म्हटले की ती सगळे एकाच खणात टाकते. त्याऐवजी स्वतःच्या हाताने खण पाडण्याचा पर्याय निवडावा. आणि चार वर्षांनी वाण बदलायचा झाला, की तोच पर्याय पुन्हा घेऊन फक्त रूट पुसायचे; होमच्या खणापुढची 'फॉरमॅट' ही खूण कोरी ठेवायची आणि वापरणाऱ्याचे नाव पूर्वीचेच द्यायचे. एवढे जमले की मिंट काढून डेबियन घाला, डेबियन काढून उबुंटू घाला, कागद जागच्या जागी. मग कोणता वाण, या प्रश्नाची धार पुष्कळ बोथट होते, आणि नवशिक्याची छातीही धडधडत नाही.

आणि प्रयोग करायला तर डिस्कला हात लावण्याचीही गरज नाही. वाणाची फाइल पेनड्राइव्हवर चढवून यंत्र त्यावरूनच सुरू करता येते. दोन दिवस चालवून पाहावे, वायफाय लागते का, आवाज येतो का, छपाई होते का. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची, उबुंटू २४.०४ ची सहाच्या जवळ. ज्याच्या फोनवर दिवसाला दीड-दोन जीबी मिळतात त्याने ती उतरवण्यात आठवडा घालवू नये. एकाने उतरवावी, तिची शा-२५६ ही बेरीज मूळ बेरजेशी ताडून पाहावी, आणि आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून गावभर वाटावी. असे वाटणे हा गुन्हा नाही; त्या परवान्याचा तोच हेतू आहे.

विंडोज शेजारी ठेवणाऱ्यांनी तिची जागा तिच्याच साधनाने आक्रसून घ्यावी, तिची 'फास्ट स्टार्टअप' सोय बंद करावी, आणि बिटलॉकरचे कुलूप चालू असेल तर त्याची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी.

सगळ्यांनीच लिनक्स घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. ज्या पतसंस्थेचे हिशेब टॅलीवर आहेत तिने निदान एक यंत्र विंडोजचे ठेवावे. अंगठा घेणारी यंत्रे, डिजिटल सहीच्या किल्ल्या, काही छपाईयंत्रे लिनक्सवर हट्ट धरतात. पेनड्राइव्हवरून चालवताना ते आधी तपासावे. आणि मराठीच्या बाबतीत एक वेगळेच दुखणे आहे. पूर्वीची आपली पत्रके श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या तऱ्हेच्या फाँटांत टंकलेली आहेत. त्यात मराठी अक्षराच्या जागी आत इंग्रजी चिन्हेच साठवलेली असतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर हरताळाचे पत्रक म्हणजे नुसती खिचडी दिसते. हा दोष लिनक्सचा नव्हे, त्या काळच्या सोयीचा. यंत्र बदलण्यापूर्वी असे मजकूर युनिकोडात बदलून घ्यावेत. नव्या लिखाणाला अडचण नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक या सगळ्या वाणांत असतो, रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीतून वाढीस लागलेला लोहित हा देवनागरी फाँट फुकट मिळतो, आणि लिब्रेऑफिसचे मेनूही मराठीत करता येतात. हिरडा वेचणाऱ्या बायांच्या बैठकीचे इतिवृत्त त्यांच्याच पोरीने इन्स्क्रिप्टवर लिहिलेले आम्ही पाहिले आहे. तिला इंग्रजी कळफलकाची वाट माहीतच नव्हती, म्हणून ती आमच्यापेक्षा वेगाने लिहीत होती.

राहता राहिली एक गोष्ट. भिंत म्हणजे नक्कल नव्हे. डिस्क मेली तर स्वयंपाकघर आणि बळद दोन्ही जातात. कागदांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क वेगळ्या घरात. आमची एक कचेरीत आहे, दुसरी खजिनदारांच्या घरी डाळीच्या डब्यात. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती डब्यातून निघते.

तसे आठ-दहा पेनड्राइव्ह आम्ही आज बरोबर आणले आहेत. मिंटचे आहेत, दोन उबुंटूचे. ज्यांना हवेत त्यांनी सभा संपल्यावर मंचाच्या डाव्या बाजूला यावे, आणि घरी चालवून पाहून पुढच्याला द्यावेत. ज्यांना यंत्रात कायमचे बसवून घ्यायचे असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहाला यंत्र घेऊन युनियनच्या कचेरीत यावे. पैसे लागत नाहीत. मात्र येण्यापूर्वी आपले सगळे कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क घरी ठेवून यावे. तसे न करता आणलेल्या यंत्राला आमच्यापैकी कोणीही हात लावणार नाही.